भरतीच्या पाण्याने आखलेले गाव

कालवांच्या शिंपांची भिंत लांबून पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. राखाडी, खरबरीत, काहीशी ओबडधोबड, एवढेच दिसते. हाताच्या अंतरावर गेले की तिची वीण उलगडू लागते. तळहाताहून मोठ्या शिंपा जोडीजोडीने बसवलेल्या आहेत. प्रत्येकीची धार बाहेर आणि तोंड जरासे खाली झुकलेले. खालच्या दोन शिंपांच्या बेचक्यात वरची, अशी ओळीवर ओळ चढत गेली आहे. सकाळी तिरपे ऊन आले की प्रत्येक शिंपेलगत एक छोटी सावली पडते आणि सबंध भिंतीला खवले फुटतात. दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्याच सावल्या खाली ओघळतात. एकाच भिंतीची दिवसात दोन-तीन रूपे होतात, आणि त्यासाठी तिच्यावर रंगाचे बोटही लावावे लागलेले नाही.

ही भिंत आहे श्याओझौ या गावात, आणि श्याओझौ आहे ग्वांगझौ शहराच्या पोटात. ग्वांगझौ म्हणजे जुने कँटन. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांच्या पुढे गेली. शहराच्या मधोमध पर्ल नदीच्या फाट्यांनी वेढलेला हायझू हा बेटासारखा भाग आहे. त्याच्या एका टोकाला ६०० मीटर उंचीचा कँटन टॉवर उभा आहे आणि त्याच बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात हे गाव. ज्येन आडनावाच्या कुळाने युआन राजवटीच्या अखेरीस, मिंग राजवटीच्या आरंभी ते वसवले, असे गावाची परंपरा सांगते. म्हणजे चौदावे शतक. आजही गावात ज्येन घराणीच बहुसंख्य आहेत आणि त्यांचे पूर्वजमंदिर गावातली मानाची वास्तू आहे.

भिंतीकडे पुन्हा वळतो, कारण या गावाचे सगळे शहाणपण तिच्यात साठले आहे. जाडी दोन फुटांच्या आसपास. शिंपा सांधायला पिवळी माती, तिच्यात शिजवलेला चिकट तांदूळ आणि काकवीच्या रंगाची देशी साखर. आपल्याकडे किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या दिसतात. त्या चुन्यातही गूळ मिसळत, त्यामुळे मराठी वाचकाला हे मिश्रण फार परके वाटू नये. इथला कस वेगळ्याच गोष्टीत आहे. हा प्रदेश दमट, खारट वाऱ्याचा आणि वादळांचा. लाकडाला वाळवी लागते, मातीची भिंत पावसात विरघळते, विटेला लोणा धरतो. शिंप मात्र जन्मभर खाऱ्या पाण्यातच राहिलेली असते. वाळवीला तिच्यात खाण्याजोगे काही नाही. तोंड खाली झुकलेले असल्याने पावसाचे पाणी धारेवरून निथळून जाते. शिंपांमधल्या पोकळ्यांत हवा अडकून राहते, म्हणून उन्हाळ्यात आतली खोली थंड आणि हिवाळ्यात उबदार. चोराला चढायची भिंत म्हणाल तर ही सर्वांत वाईट. तिच्या धारा बोटे कापतात.

सतराव्या शतकात छू दाजुन नावाच्या विद्वानाने क्वांगतुंग प्रांताच्या चालीरीती, पिके आणि वास्तूंचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात शिंपांच्या भिंतींची दखल आहे. म्हणजे त्या काळी ही हौशी माणसाची सजावट नव्हती, प्रांताची रूढ बांधणी होती. समुद्रापलीकडे माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गलबतांचे बूड जड राहावे म्हणून त्यांत शिंपा भरून आणत, असेही दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर सांगतात. टाकाऊ शिंपांचे घर झाले. आज श्याओझौमध्ये अशी धड उभी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. या भागात अलीकडे सिमेंटमध्ये शिंपा चिकटवून केलेल्या भिंतीही दिसतात. दोन्हींतला फरक कळायला वास्तुशास्त्र शिकावे लागत नाही. जुन्या भिंतीत शिंप भार पेलते, नव्या भिंतीत ती नुसती चिकटलेली असते. जुनीत प्रत्येक शिंपेचा कल खालच्या शिंपेने ठरवला आहे. नवीत तो गवंड्याच्या मर्जीवर आहे, आणि डोळ्याला ते लगेच कळते.

गोव्यात पणजीच्या जुन्या घरांतून हिंडलेल्याला शिंपेचे आणखी एक नाते आठवेल. तिथल्या खिडक्यांच्या झडपांत काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपांचे चौकोन बसवलेले असतात. त्यांतून येणारा उजेड दुधाळ आणि मऊ. पर्ल नदीच्या मुखावरच्या मकाव शहरातही, मँडरिन्स हाऊस या प्रसिद्ध चिनी वाड्यात, तशाच शिंपांच्या खिडक्या आहेत. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अंकित होता. एकाच सागरी वाटेवरची ही गावे. कालवांची जाड शिंप भिंतीला आणि तिच्या चुलत बहिणीची पातळ शिंप खिडकीला, असा हिशेब त्या सबंध किनाऱ्याला ठाऊक होता.

भिंतीच्या बाजूने गल्ली आत जाते. पायाखाली ग्रॅनाइटच्या लांब फरशा, त्यांच्या खालून सांडपाण्याची वाट. गल्ली इतकी अरुंद की दुपारी बाराचा थोडा वेळ सोडला तर ऊन जमिनीला शिवत नाही. या अरुंदपणाला गरिबीची खूण समजू नये. अशा सावलीच्या गल्ल्या दोन्ही बाजूंच्या घरांना वारा पुरवतात. बाहेर तापलेली हवा वर गेली की गल्लीतली गार हवा दारांतून आत ओढली जाते. जुन्या घराची रचना ठरलेली: मधले दालन, त्याच्या दोन अंगांना खोल्या, पुढे छोटा चौक आणि चौकाच्या दोन बाजूंना पडव्या. गल्लीतला वारा याच चौकातून वर निघतो.

या वाऱ्यासाठी दारही खास घडवले आहे, आणि मला वाटते दक्षिण चिनी घरातली ही सर्वांत देखणी वस्तू. एका चौकटीत तीन दारे. बाहेरचे कमरेपेक्षा थोडे उंच, दुपाखी. रस्त्यावरच्या माणसाची नजर अडवण्यापुरते. मधले म्हणजे लाकडाच्या गोल, जाड दांड्यांची आडवी जाळी, जी भिंतीत सरकते. सगळ्यात आत भक्कम लाकडी बंद दार. दिवसा आतले दार उघडे, मधली जाळी ओढलेली. घरात वारा मोकळा, आणि कोंबडे, कुत्रे, चोर बाहेर. दांड्यांवर हात फिरवला तर वरचे खडबडीत आणि मधले, नेमक्या हाताच्या उंचीवरचे, तुळतुळीत लागतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच धरून ते ओढले गेले आहे.

वर पाहिले की आढ्याच्या दोन्ही टोकांना भिंती छपराच्याही वर चढून गोलाकार वळलेल्या दिसतात. तिथले लोक त्यांना कढईचे कान म्हणतात. शेजारच्या घराला आग लागली तर ज्वाळा या कानांशी अडतात, आणि वादळी वाऱ्यात कौले उडत नाहीत. पूर्वी घरात कोणी राजदरबारी परीक्षा उत्तीर्ण झालेला असेल तर ते कान उंच आणि थाटाचे असत. करड्या विटांच्या भिंतीवर काळ्या रेघेची किनार, आणि त्या किनारीचे ते वळण. एका गावात असे चार-पाच कान एकामागे एक दिसले की छपरांची रांग हालल्यासारखी वाटते.

पण एखादे घर, एखादे दार सुंदर असणे निराळे आणि गाव सुंदर असणे निराळे. श्याओझौची खरी गोडी त्याच्या आखणीत आहे. पर्ल नदीच्या मुखप्रदेशातली जुनी गावे एका शिस्तीने बसवलेली असत. पुढे पाणी: तळे नाहीतर खाडीचा फाटा. पाण्यासमोर मोकळे पटांगण, पटांगणावर पूर्वजमंदिर. त्याच्या मागे, पाण्याशी काटकोन करून, गल्ल्या फणीच्या दात्यांसारख्या आत गेलेल्या. मधे कुठे मंडई नाही, चौक नाही. गावाला तोंड एकच, आणि ते पाण्याकडे. वारा पाण्यावरून येतो, पटांगण ओलांडतो, गल्ल्यांत शिरतो. श्याओझौत खाडी वळणावळणाची असल्याने ती शिस्त वाकली आहे, मोडलेली नाही. कुठल्याही गल्लीतून उताराकडे चालत राहिले की शेवटी पायऱ्या लागतात, आणि पायऱ्यांखाली पाणी.

हे पाणी वाहते आणि परतही येते. समुद्राची भरती-ओहोटी नदीतून थेट इथपर्यंत पोचते, दिवसातून दोनदा, आणि दोन्ही वेळा सारखी नाही. भरतीला खाडी काठोकाठ; घरांची प्रतिबिंबे, वडाच्या पारंब्या, दगडी पुलाची कमान, सगळे जिथल्या तिथे. हौशी छायाचित्रकार हीच वेळ साधतात. मला मात्र ओहोटीचे गाव जास्त बोलके वाटते. पाणी उतरले की काठाच्या दगडांवर शेवाळाची रेघ दिसते, तळाशी तपकिरी गाळ उघडा पडतो, त्यावर खेकड्यांची बिळे आणि एखादी कललेली होडी. पायऱ्यांच्या खालच्या टप्प्यांवर चिकटलेली छोटी शिंप सापडते. गाव कशापासून केले आहे ते तेव्हा समजते. हा सगळा प्रदेशच नदीने आणलेल्या गाळाचा आहे. पुलाची उंची, जोत्याची उंची, पायऱ्यांची संख्या, प्रत्येक माप भरतीच्या रेषेवरून घेतलेले आहे.

देवही पाण्याचेच. खाडीकाठी त्येनहौ या सागरदेवीचे मंदिर आणि उत्तर दिशेच्या, पाण्यावर हुकमत चालवणाऱ्या देवाचे युश्यू मंदिर. दारोदारी उंबऱ्याशी भूमिदेवतेचा छोटा कोनाडा, त्यात उदबत्त्यांची राख. आणि यांच्याच शेजारी माओकालीन ‘जनता सभागृह’, त्याच्या दर्शनी भागावर तारा आणि घोषणा. काही पाहुण्यांना ते खटकते. मला ते तिथेच हवे. या गावाने गेल्या शतकात जे सोसले तेही त्याच्याच भिंतीवर लिहिलेले असावे.

गावाबाहेर पडले की फळबागा लागतात. करमळ, लिची, लोंगन, पेरू, पपई. शेकडो वर्षांपासून इथल्या बागाईतीची पद्धत एकच: चर खोल खणायचे, निघालेला गाळ दोन चरांच्या मधे टाकून उंच गादीवाफे करायचे आणि त्यांवर झाडे लावायची. चरांत भरतीचे पाणी शिरते, ओहोटीला उतरते. झाडांना ओल मिळते, मुळे कुजत नाहीत, आणि चरातला गाळ दरवर्षी उपसून पुन्हा वाफ्यावर चढवला की खताचे काम होते. बागेची ही आखणी पाहिल्यावर गावाकडे परत वळून पाहावे. चर आणि वाफा, गल्ली आणि घर. पाण्याला आत येऊ द्यायचे, पण ठरलेल्या वाटेने. ज्या हातांनी बागा आखल्या त्याच हातांनी गाव आखले आहे, हे तिथे उभे राहून स्पष्ट दिसते.

या बागा शहराने गिळल्या नाहीत, त्याला कारण आहे. चीनमध्ये जमीन सरकारजमा झाली की सहसा तिच्यावर इमारती येतात. २०१२ मध्ये हायझूच्या बागांबाबत वेगळा मार्ग निघाला: जमीन ताब्यात घ्यायची, पण तिचा वापर बदलायचा नाही. आज तिथे हायझू पाणथळ उद्यान आहे, आणि २०२३ मध्ये त्याला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. मोठ्या शहराने आपल्या मधोमध हजारभर हेक्टर बागा आणि पाणी राखणे ही मामुली गोष्ट नाही.

गाव तगले त्याचे कारण मात्र वेगळे, आणि ते तितकेसे उदात्त नाही. १९८२ च्या चिनी राज्यघटनेनुसार शहरातली जमीन सरकारची आणि खेड्यातली जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. शहरे फोफावू लागली तेव्हा सरकारने शेते घेतली. ती स्वस्त पडत. घरे असलेली जमीन घ्यायची तर प्रत्येक कुटुंबाला भरपाई आणि पर्यायी घर द्यावे लागे, म्हणून ती सोडून दिली. भोवती गगनचुंबी इमारती आणि मधे खेडे, अशी चिनी शहरांतली अनोखी वस्ती त्यातून जन्मली. शेत गेलेल्या गावकऱ्याने हाताशी उरलेल्या घरजागेवरच मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. परप्रांतातून आलेल्या कामगाराला शहरात परवडणारी पहिली खोली मिळे ती इथेच. समोरासमोरच्या इमारती इतक्या चिकटल्या की खिडकीतून हात मिळवावा. ‘हात मिळवणाऱ्या इमारती’ असेच त्यांना म्हणतातही.

श्याओझौतही अशा इमारती भरपूर आहेत, आणि जुन्या वास्तूंचे रसिक त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. त्या कुरूप आहेत, हे खरे: पांढऱ्या-गुलाबी बाथरूमच्या फरश्या बाहेरून लावलेल्या, लोखंडी पिंजऱ्यांच्या खिडक्या, विजेच्या तारांचे गुंते. पण त्यांच्या मधून चालताना पाय आपोआप खाडीकडेच जातात. का? कारण प्रत्येक इमारत जुन्या घराच्या जोत्यावर, जुन्या घराच्या मापाने उभी आहे आणि मधली गल्ली तेवढीच राहिली आहे. वर आकाशाची चिंचोळी पट्टी उरते, खाली ग्रॅनाइटची फरशी तीच. कौल गेले, कढईचे कान गेले, तरी गल्ली पाण्याकडे उतरायची राहिली नाही. जुने घर पाडले तर गावाचा एक भाग जातो. गल्ली बुजवली तर गावच जाते.

चित्रकारांनी हे फार आधी ओळखले. लिंगनान या दक्षिण चिनी चित्रशैलीचे ग्वान शान्युए आणि ली श्योंगत्साय यांच्या पिढीने गेल्या शतकाच्या अखेरीस इथे चित्रशाळा थाटल्या. ग्वान शान्युए म्हणजे बीजिंगच्या जनसभागृहातले १९५९ चे भव्य निसर्गचित्र फू बाओशींसोबत रंगवणारे कलावंत. पुढे २००४ मध्ये समोरच्याच श्याओगुवेई बेटावर दहा विद्यापीठांची नगरी उघडली. तिच्यासाठी त्या बेटावरची जुनी गावे उठवली गेली आणि तिथल्या कलावंतांपैकी काही श्याओझौत आले. मग आल्या कलाशाखेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या झुंडी. शिकवण्या, वसतिगृहे, खाणावळी. घरमालकांनी घाईघाईने मजले चढवले. गावाचे खरे नुकसान याच काळात झाले, आणि तेही कलेच्या नावाने. तरीही खाडीच्या कठड्यावर बसून सोळा वर्षांची मुलगी पुलाच्या कमानीचे तेच वळण चौथ्यांदा खोडून काढताना दिसते, तेव्हा मला तिचा राग येत नाही. त्या कमानीकडे इतका वेळ लावून दुसरे कोण बघते?

लिएदे या गावाशी तुलना केल्याशिवाय श्याओझौचे मोल पुरते कळत नाही. तेही ग्वांगझौमधलेच, त्याच नदीकाठचे. २०१० च्या आशियाई स्पर्धांच्या आधी, २००७ मध्ये ते पाडायला घेतले. गावकऱ्यांना उंच इमारतींमध्ये चांगली घरे मिळाली, भाड्याचे उत्पन्न वाढले, पूर्वजमंदिरे खाडीकाठी नव्याने बांधून दिली गेली. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर सौदा वाईट नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे बाहेरच्या माणसाला शोभत नाही. पण तिथे पूर्वजमंदिर आहे आणि त्याच्या मागे गल्ली नाही. मंदिराचे दार ज्या वाऱ्यासाठी पाण्याकडे उघडत होते, तो वारा पुढे जाणार कुठे? कोरीव काम नवे आणि उत्तम आहे. वाक्यच तुटले आहे.

लिएदेने एक गोष्ट सोडली नाही, ती श्याओझौनेही सोडली नाही: ड्रॅगन नावा. तीस-चाळीस मीटर लांबीच्या या अरुंद नावा वर्षभर खाडीच्या गाळात पुरून ठेवतात. लाकूड उन्हावाऱ्यात वाळले तर तडकते. गाळात ते मुरते, टिकते. चिनी पंचांगाच्या चौथ्या महिन्यात अष्टमीच्या सुमारास त्या वर काढायच्या. कंबरभर चिखलात उतरलेले पुरुष, त्यांत कचेरीतून रजा काढून आलेले तरुण आणि सत्तरीचे काका, बादल्यांनी पाणी उपसतात, नावेच्या बगला हातांनी मोकळ्या करतात, आणि ती हलली की ढोल, आरोळ्या, फटाक्यांच्या माळा. पाचव्या महिन्याच्या पंचमीच्या आगेमागे नावा सोयऱ्या गावांना भेटी देतात, यजमान गाव फटाक्यांनी स्वागत करते आणि पाहुण्यांना जेवू घालते. युनेस्कोने २००९ मध्ये ड्रॅगन नावांचा हा सण आपल्या यादीत घेतला. नावा ज्या पुलांखालून जातात ते ठेंगणे आहेत. पाणी फार चढले तर वल्हवणाऱ्यांची डोकी कमानीला लागतील, फार उतरले तर बूड गाळात रुतेल. म्हणून कुठल्या गावची नाव कुठल्या दिवशी किती वाजता येणार, हे आजही त्या दिवसाची भरती पाहूनच ठरवावे लागते.